लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतंय? आधी ते कुठे तुटतंय हे शोधा

लॅपटॉप वाय-फायला जोडलेला दिसतो, पण पान उघडता उघडता अडकतं, कॉलवर समोरच्याचा आवाज तुटक येतो आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत होतं. अशा वेळी बहुतेक जण हाताला येईल तो उपाय करून बघतात. राउटर बंद-चालू करतात, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडतात, ड्रायव्हर (वाय-फायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून टाकतात आणि शेवटी राउटरच फॅक्टरी रीसेट करतात. यातल्या एखाद्या उपायानंतर दिवसभर बरं चालतं, पण गुण नेमका कशाचा आला ते कळत नाही आणि परवा तोच त्रास पुन्हा सुरू होतो. साफ बंद पडलेलं नेट दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं. अधूनमधून तुटणारं नेट जास्त छळतं, कारण तपासायला बसावं तर नेमकं तेव्हा ते ठणठणीत असतं.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की एकही सेटिंग बदलण्याआधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवा. लॅपटॉपपासून वेबसाइटपर्यंतच्या वाटेत आधी लॅपटॉपमधलं वायरलेस कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर येतो, मग घरातली हवा आणि भिंती, मग राउटर, आणि राउटरच्या पुढे इंटरनेट कंपनीची लाइन. यातलं काहीही बिघडलं तरी आपण म्हणतो एकच, 'वाय-फाय गेलं'. लाइन खराब असताना लॅपटॉपचा ड्रायव्हर बदलत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खालच्या पायऱ्या मुख्यतः विंडोज धरून लिहिल्या आहेत. मॅक आणि लिनक्सवर जिथे महत्त्वाचा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. कमांड इथे देवनागरीत आणि कंसात इंग्रजीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच वापरायचे.

पायरी १: फोन आणि कागद

नेट अडकलं की लगेच, लॅपटॉप जिथे आहे तिथेच, फोनवर त्याच वाय-फायवरून एखादं नवं पान उघडून बघा. त्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. तो चालू राहिला तर वाय-फाय कमकुवत पडताच बरेच फोन न सांगता मोबाइल नेटवर्कवर जातात आणि तुमचा समज होतो की फोनला काहीच अडचण नाही.

फोनही अडकला तर लॅपटॉप बहुधा निर्दोष आहे. फोन छान चालला आणि लॅपटॉपच अडकला तर संशय लॅपटॉपवर जातो, पण एवढ्यावर निकाल देऊ नका. एकाच राउटरवर फोन एका बँडवर (लहरींच्या एका पट्ट्यावर) आणि लॅपटॉप दुसऱ्या बँडवर असू शकतो. त्याबद्दल पुढे येईलच.

सोबत एक कागद ठेवा. नेट तुटलं ती वेळ, खोली, चार्जर लावलेला होता की नाही, ब्लूटूथ हेडफोन किंवा माउस जोडलेला होता का, लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली होती का, मायक्रोवेव्ह चालू होता का, इतकं लिहा. दोन-तीन दिवसांच्या नोंदींत बऱ्याचदा कारण उघड दिसायला लागतं. 'बॅटरीवर असतानाच तुटतं' ही एक ओळ तुमचे कित्येक तास वाचवते.

पायरी २: दोन पिंग शेजारी शेजारी

पूर्ण लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटासा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. आपण एकाच वेळी दोन ठिकाणी पिंग करणार आहोत, एक घरातल्या राउटरला आणि एक घराबाहेरच्या सर्व्हरला. पहिल्याचा प्रवास फक्त हवेतून होतो. दुसऱ्याचा हवेतून आणि पुढे लाइनवरून.

आधी राउटरचा पत्ता हवा. विंडोजवर स्टार्ट मेनूत 'सीएमडी' (cmd) टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) लिहून एंटर दाबा आणि वाय-फायच्या मथळ्याखाली 'डीफॉल्ट गेटवे' ही ओळ शोधा. तिथे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असं काही दिसेल. मॅकवर हाच पत्ता वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये, जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात, टीसीपी-आयपीखाली 'राउटर' म्हणून सापडतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'आयपी रूट' (ip route) द्या. 'डीफॉल्ट व्हाया' यापुढचा आकडा तो.

आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत लिहा: पिंग, मोकळी जागा, राउटरचा पत्ता, मोकळी जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून टी (म्हणजे ping 192.168.1.1 -t असं). दुसरीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८ किंवा १.१.१.१. 'टी' लावल्यामुळे तुम्ही थांबवेपर्यंत पिंग चालू राहतो. मॅक आणि लिनक्सवर तो तसाही थांबत नाही, त्यामुळे तिथे 'टी' नको. दोन्ही खिडक्या एकमेकींशेजारी ठेवा आणि नेहमीचं काम करत राहा. थांबवायचं असेल तेव्हा कंट्रोल आणि सी दाबा. शेवटी किती निरोप गेले, किती हरवले, सरासरी वेळ किती हे सगळं छापून येतं.

राउटरच्या खिडकीत ओळी अशा येत राहतील: 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१: बाइट्स=३२ टाइम=३एमएस टीटीएल=६४'. तुम्ही फक्त 'टाइम'कडे बघायचं. निरोगी वाय-फायवर राउटरचं उत्तर साधारण २ ते १० मिलिसेकंदांत येतं, मधूनच एखादं ३०-४० झालं तर काळजी नको. आजारी वाय-फायवर रांग अशी दिसते: ३, ४, ३, २१८, ६४०, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', ३९०, ५, ३. म्हणजे निरोप हवेत हरवत होते, पुन्हा पुन्हा पाठवले जात होते, मग रस्ता मोकळा झाला. ८.८.८.८ ची वेळ मुळातच जास्त असते, कारण अंतर जास्त. तिथे ठरावीक आकडा नाही. सुरळीत चालताना जी वेळ दिसते तीच तुमच्या लाइनची नेहमीची वेळ समजा.

आता नेट अडकण्याची वाट बघा. अडकलं की दोन्ही खिडक्यांकडे नीट पाहा.

राउटरची खिडकी शांत आणि बाहेरची बिघडलेली असेल तर तुमचं वाय-फाय ठीक आहे. दोष राउटरच्या पुढे आहे, किंवा घरातलंच कुणीतरी सगळी लाइन व्यापून बसलंय. पायरी ३ बघा.

दोन्ही खिडक्या एकदमच बिघडल्या तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामध्ये आहे. पायरी ४ पासून पुढे जा.

दोन्हींत 'जनरल फेल्युअर' असं येऊ लागलं तर त्या क्षणी लॅपटॉपचं वाय-फायशी नातंच तुटलं होतं. निरोप लॅपटॉपबाहेर पडलेच नाहीत. पायरी ६ आधी वाचा.

दोन्ही खिडक्या शांत, आणि तरीही पानं उघडत नसतील तर साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची अडचण, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा) किंवा ब्राउझरमधलं एखादं एक्स्टेंशन यांच्याकडे वळा. पायरी ७ त्यासाठी आहे.

आणखी एक नमुना ओळखून ठेवा. राउटरची वेळ बाकी सुरेख, पण ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखी, एकदम शे-दोनशे मिलिसेकंदांवर उडी मारते. अशा वेळी लॅपटॉपचं कार्ड आपलं काम क्षणभर सोडून आजूबाजूची नेटवर्क शोधत असतं. लोकेशन सेवा किंवा वाय-फायची यादी सतत ताजी करणारं एखादं ॲप हे करवून घेतं. ते बंद केलं की उड्या थांबतात.

काही मोजके राउटर पिंगला उत्तरच देत नाहीत. सुरळीत चालतानाही राउटरची खिडकी सतत 'टाइम्ड आउट' दाखवत असेल तर राउटरच्या सेटिंग्जमध्ये पिंगला उत्तर देण्याचा पर्याय शोधून चालू करा.

निकालाची खातरजमा करायची तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून हेच दोन पिंग पुन्हा चालवा. लॅपटॉपला नेटवर्क केबलची खाच नसेल तर यूएसबीवर लागणारा इथरनेट ॲडाप्टर मिळतो. केबलवर सगळं छान चाललं तर लाइन आणि राउटरचा मुख्य भाग सुटले.

पायरी ३: दोष घराबाहेर असेल तर

राउटर किंवा फायबरच्या डब्यावरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो, तो लाल लागला किंवा लुकलुकला तर प्रकाशाचा सिग्नलच येत नाहीये. तिथे तुमच्या हातात काही नाही, फक्त फायबरची बारीक वायर कुठे दुमडली किंवा दाबली गेली नाही ना एवढं पाहा.

दिवे ठीक असतील तर कंपनीला फोन करण्याआधी घरातली अपलोड तपासा. फोटोंचा बॅकअप किंवा मोठी फाइल वर चढत असताना अपलोडची वाट भरून जाते, राउटरपाशी निरोपांची रांग लागते आणि ८.८.८.८ ची वेळ २० वरून ५०० मिलिसेकंदांवर जाते. तेवढ्यात कॉल तुटतो, आणि दोष वाय-फायला जातो. बॅकअप थांबवल्याबरोबर वेळ खाली आली तर कारण सापडलं. बॅकअप रात्री लावा, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा.

तेही नसेल तर कंपनीला कळवा, पण 'नेट स्लो आहे' असं सांगू नका. 'लॅपटॉप केबलने जोडला होता, राउटरला पिंग ठीक होता, त्याच वेळी बाहेरच्या पत्त्याचे इतके निरोप हरवले, या या वेळी' असं सांगा. केबलचा उल्लेख केला की 'तुमच्या वाय-फायचा प्रॉब्लेम असेल' हे उत्तर देता येत नाही.

पायरी ४: सिग्नल आकड्यांत मोजा

कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हातल्या काड्यांवर फार विसंबू नका. विंडोजवर 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' (netsh wlan show interfaces) ही कमांड द्या. त्यात सिग्नल टक्क्यांत, चॅनेल (बँडमधली राउटर वापरतो ती पट्टी) आणि जोडणीचा वेग दिसतो. मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, तिथे 'आरएसएसआय' (सिग्नलची ताकद) आणि 'नॉइज' (गोंगाट) डीबीएम या मापात येतात. लिनक्सवर 'आयडब्ल्यू डेव्ह' (iw dev) या कमांडने कार्डाचं नाव बघा, मग 'आयडब्ल्यू डेव्ह', ते नाव आणि 'लिंक' (link) असं द्या.

डीबीएमचे आकडे उणे असतात आणि शून्याकडे जाऊ तसा सिग्नल सुधारतो. −५० उत्तम. −६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो. −७५ च्या पुढे तुटतुट सुरू होते आणि −८० ला जोडणी नावापुरतीच उरते. हे माप सरळ रेषेत चालत नाही. ३ डीबी उतरले की शक्ती निम्मी होते, १० उतरले की दहावा हिस्सा. म्हणून −६५ आणि −७५ हे आकडे जवळचे वाटले तरी त्यांत दहापट फरक आहे. विंडोजचे टक्के डीबीएममध्ये आणायचे तर निम्मे करून त्यातून १०० वजा करा. ६६ टक्के म्हणजे −६७.

आता लॅपटॉप घेऊन राउटरच्या खोलीत जा, दोन-तीन मीटरवर बसा आणि अर्धा तास काम करा. तिथेही तितकंच तुटत असेल तर अंतर आणि भिंती यांना दोष देण्यात अर्थ नाही. पायरी ५ आणि ६ कडे वळा. जवळ छान आणि लांब खराब असेल तर राउटरची जागा बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तो कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर नको. उंचावर, मोकळ्यावर आणि घराच्या शक्यतो मध्याशी हवा. लोखंडी कपाट आणि आरसा लहरी परतवतात, माशांची टाकी त्या शोषून घेते. राउटरचे अँटेना उभे ठेवा. लहरी अँटेनाच्या बाजूंना पसरतात, टोकाच्या दिशेने फारच कमी जातात, त्यामुळे अँटेनाचं टोक लॅपटॉपकडे वळवणं उलट नुकसानीचं.

सिग्नल वाढवायला रिपीटर आणणार असाल तर तो सिग्नल मेलेल्या खोलीत लावू नका. राउटर आणि ती खोली यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा. एकाच बँडवर ऐकून त्यावरच पुढे पाठवणाऱ्या साध्या रिपीटरवर वेग जवळपास निम्मा होतो, हेही धरून चाला. जमत असेल तर केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (तिथून वाय-फाय देणारा डबा) लावणं केव्हाही सरस.

पायरी ५: बँड आणि चॅनेल

बहुतेक घरगुती राउटर दोन बँडवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो आणि भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण तिथे गर्दी फार. ५ ला जागा भरपूर आणि वेगही जास्त, पण दोन-तीन भिंतींत तो दमतो. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर मधल्या अंतरावर बसलेला लॅपटॉप कधी इकडे कधी तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला क्षणभर तुटतो. तपासणीपुरतं राउटरमध्ये दोन्ही बँडना वेगवेगळी नावं द्या आणि लॅपटॉप एक दिवस फक्त ५ वर, एक दिवस फक्त २.४ वर चालवा. एकावर व्यवस्थित आणि दुसऱ्यावर तुटक, असा फरक दिसला तर अर्धं काम झालं.

२.४ वर त्रास होत असेल तर शेजारपाजारची नेटवर्क बघा. 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी' (netsh wlan show networks mode=bssid) या कमांडने आजूबाजूच्या प्रत्येक नेटवर्कचा चॅनेल आणि सिग्नल दिसतो. या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. यातला ज्यावर जोरकस नेटवर्क कमी असतील तो निवडा. १ आणि ६ भरलेले दिसले म्हणून मधला ३ किंवा ४ निवडण्याचा मोह होतो, तो टाळा. एकाच चॅनेलवरचे राउटर एका खोलीत बसलेल्या माणसांसारखे असतात, एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. मधल्या चॅनेलवरच्याचं बोलणं मात्र दोन्हीकडे भिंतीपलीकडच्या गोंगाटासारखं पोचतं. २.४ वर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की जवळपास अर्धा बँड एकट्या तुमच्या राउटरने व्यापला जातो आणि सगळ्यांचाच गोंधळ तुमच्यावर येतो.

वाय-फायखेरीजही २.४ वर बरंच काही चालतं. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्यातून थोडी गळती होतेच. ब्लूटूथ २.४०२ ते २.४८० या पट्ट्यात फिरत असतं आणि लॅपटॉपमध्ये ते बहुधा वाय-फायच्याच कार्डावर असतं. सगळ्यात कमी माहीत असलेला गुन्हेगार म्हणजे यूएसबी ३.०. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवलं, की यूएसबी ३.० ची उपकरणं, केबल आणि जोड यांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. बाहेरची हार्ड डिस्क किंवा हब लावला की वाय-फाय मरगळत असेल तर तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा, लांब आणि चांगली शील्ड असलेली केबल वापरा, नाहीतर लॅपटॉप ५ वर न्या. या साध्या गोष्टीसाठी लोक कार्ड बदलायला निघतात याचं फार वाईट वाटतं.

५ गिगाहर्ट्झवर एक वेगळाच प्रकार होतो. ५२ ते १४४ या चॅनेलांचा मोठा भाग रडारसोबत वाटून घेतलेला आहे. तिथे राउटरला रडार जाणवलं, खरं किंवा भासलेलं, तरी नियमानुसार चॅनेल सोडावा लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. घरातली ५ वरची सगळी उपकरणं एकदम तुटली आणि मिनिटभराने एकदम परत आली, असं होत असेल तर राउटर ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्का करून बघा.

पायरी ६: लॅपटॉपच्या आत

फक्त लॅपटॉपच तुटतो, तेही राउटरजवळ आणि दोन्ही बँडवर, अशी खात्री झाली की, किंवा पायरी २ मध्ये 'जनरल फेल्युअर' दिसलं असेल, तरच इथे या.

विंडोज स्वतःच एक उत्तम अहवाल बनवून देतं आणि तो फारच थोडे लोक वापरतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' (netsh wlan show wlanreport) ही कमांड द्या. गेल्या तीन दिवसांतल्या प्रत्येक जोडणीचा आलेख तयार होतो आणि फाइल कुठे ठेवली तेही खिडकीत छापून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा, तुमच्या कागदावरच्या वेळा शोधा आणि त्या जागी तुटण्याचं कारण काय लिहिलंय ते वाचा. जोडणी ड्रायव्हरने तोडली असं लिहिलं असेल तर पुढची दिशा स्पष्ट आहे. लॅपटॉप झोपेत गेल्यावर तुटलं असेल तर तेही दिसतं, आणि तो दोष नाही.

त्यानंतर वीजबचत बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क ॲडाप्टर्समध्ये वायरलेस कार्डावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. 'वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाच्या चौकोनातली खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. तिथे सेटिंग्जमध्ये पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवून बघा. लिनक्सवर 'आयडब्ल्यू डेव्ह', कार्डाचं नाव, मग 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' (set power_save off) ही कमांड ॲडमिन हक्कांनी दिली की बचत लगेच बंद होते, पण रीस्टार्टपर्यंतच. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह = २' (wifi.powersave = 2) लिहून ते कायमचं करा. तिथे २ चा अर्थ बचत बंद असा आहे.

ड्रायव्हरबद्दल सगळे सांगतात 'अपडेट करा'. मी आधी विचारेन, त्रास कधी सुरू झाला? एखाद्या अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून मागच्या आवृत्तीवर जा. तसं नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर शोधून देतो' म्हणणाऱ्या परक्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. जुना काढण्याआधी नवा डाउनलोड करून ठेवा, नाहीतर ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, अशी कोंडी होते.

घरात एकापेक्षा जास्त ॲक्सेस पॉइंट असतील तर कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' बघा. कोणत्या पॉइंटला धरायचं हे लॅपटॉप ठरवतो, राउटर फार तर सुचवतो. लॅपटॉप लांबच्या पॉइंटला चिकटून राहत असेल तर हे मूल्य वाढवा, विनाकारण उड्या मारत असेल तर कमी करा.

विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट' मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. त्याने साठवलेली सगळी वाय-फाय नेटवर्क आणि त्यांचे पासवर्ड जातात, व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं, आणि तुम्ही जमवलेले धागेदोरेही पुसले जातात. उपयोग होतो कधीकधी, पण आधी पासवर्ड लिहून ठेवा.

पायरी ७: पत्ता, नावं आणि सुरक्षा

जोडलेलं दिसतं पण काहीच चालत नाही, आणि 'आयपीकॉन्फिग'मध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, म्हणजे लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक घेतला. 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' (ipconfig /renew) देऊन बघा. वारंवार होत असेल तर राउटर रीस्टार्ट करा आणि राउटर वाटतो त्या पत्त्यांची मर्यादा घरातल्या उपकरणांना पुरते का ते तपासा. राउटरमध्ये मॅक पत्त्यांची (उपकरणांच्या हार्डवेअर पत्त्यांची, मॅक संगणकाशी याचा संबंध नाही) यादी करून मोजक्याच उपकरणांना प्रवेश दिला असेल तर लॅपटॉपवरचा 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर बदललेल्या पत्त्यामुळे राउटर त्याला ओळखत नाही.

८.८.८.८ ला पिंग होतो पण साइटच्या नावाला होत नाही, तेव्हा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) द्या. तरी होत राहिलं तर वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस हाताने १.१.१.१ आणि ८.८.८.८ असा भरा.

जुना लॅपटॉप आणि नवा राउटर अशी जोडी असेल तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची जुनी आणि नवी पद्धत) यांच्या मिश्र मोडवर जुना ड्रायव्हर कधीकधी अडखळतो. काही दिवस राउटर फक्त डब्ल्यूपीए२ आणि एईएस या सांकेतिकरणावर ठेवून फरक पडतो का ते बघा. टीकेआयपी हे जुनं सांकेतिकरण निवडू नका, त्याने वेग ५४ मेगाबिटवर अडकतो आणि सुरक्षाही कच्ची. पासवर्ड काढून उघडं नेटवर्क ठेवणं हा तपासणीचा मार्ग नव्हे. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) मात्र याच बैठकीत नवं करून घ्या, आणि तो दुसऱ्या गरम उपकरणावर ठेवलेला असेल तर वेगळा करा.

पायरी ८: कार्ड आणि अँटेना

सगळं करून झालं आणि राउटरशेजारी बसूनही लॅपटॉपचा सिग्नल फोनपेक्षा खूपच कमी दिसतोय, तर अँटेनाची तार सुटली असण्याची शक्यता मोठी आहे. विशेषतः स्क्रीन, बिजागरी किंवा बॅटरीच्या दुरुस्तीनंतर त्रास सुरू झाला असेल तर. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या कडेत असतात आणि बिजागरीतून आलेल्या दोन बारीक तारा कार्डावरच्या इवल्याशा गोल जोडांवर दाबून बसवलेल्या असतात. झाकण उघडबंद करताना सिग्नल वर-खाली होत असेल तर संशय आणखी पक्का. हे जोड नाजूक असतात, सवय नसेल तर जाणकाराकडूनच बसवून घ्या.

कार्डच खराब आहे का हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे कुणाकडून तरी यूएसबी वाय-फाय ॲडाप्टर मागून आणायचा, आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करायचं आणि पायरी २ मधले पिंग पुन्हा चालवायचे. तुटणं थांबलं तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर दोषी. मग तो ॲडाप्टरच कायमचा लावा किंवा आतलं कार्ड बदला. नवं कार्ड घेण्याआधी तीन गोष्टी बघा. कार्ड मदरबोर्डवर (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेलं नाही ना. काही पातळ लॅपटॉपमध्ये ते निघतच नाही. लॅपटॉपच्या बायॉसमध्ये (सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठरावीक कार्डांनाच परवानगी नाही ना. काही जुन्या मॉडेलांत ती अट असते. आणि इंटेलचं घेत असाल तर नंबर नीट वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र अर्धं काम इंटेलच्या प्रोसेसरवर टाकतात, त्यामुळे ती त्या सोयीच्या लॅपटॉपमध्येच चालतात आणि इतरत्र बसवली तरी ओळखली जात नाहीत.